बंद बाटलीतला काळ

जुना तांदूळ मोकळा शिजतो म्हणून नव्यापेक्षा महाग असतो. लोणच्याची बरणी मुरण्याआधी उघडली की घरातली वडीलधारी माणसं रागावतात. वैद्यांच्या पोथ्यांत जुन्या तुपाचं माहात्म्य आहे. त्यामुळे 'फ्रेंच रेड वाइन जितकी जुनी तितकी चांगली' असं कोणी म्हटलं की आपल्याला ते चटकन पटतं. मुरणं ही आपल्या चांगली ओळखीची गोष्ट आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र या वाक्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक तर ते फार उशिरा खरं झालं, गेल्या तीनेकशे वर्षांत. आणि खरं झालं त्या दिवसापासून एक अशी पंचाईत उभी राहिली, जी लोणच्याच्या बाबतीत कधी येत नाही. लोणचं मुरलं की नाही हे एक फोड चाखून कळतं आणि बरणी पुन्हा बंद करता येते. वाइनची बाटली एकदा उघडली की उघडली. आत काय आहे ते कळतं, पण त्याच क्षणी ती जपून ठेवण्याची गोष्ट संपते.

दारूची भलामण करायला मी आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. न पिणाऱ्यालाही रस वाटावा अशी ही हकिगत आहे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन नदीच्या काठी बोर्दो नावाचं बंदर आहे. तिथून पुढं नदी समुद्राला मिळते. इ.स. ११५२ मध्ये या प्रदेशाची वारस एलिनॉर हिनं हेन्री प्लँटॅजेनेटशी लग्न केलं. दोन वर्षांनी हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि आंदण द्यावं तसा हा द्राक्षांचा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेला. तो १४५३ पर्यंत तिकडेच राहिला. या तीनशे वर्षांत इंग्रजांना बोर्दोच्या वाइनची जी चटक लागली ती नंतर कुठल्याही युद्धानं सुटली नाही. दर शरद ऋतूत नवी वाइन तयार झाली की जहाजांचा तांडा इंग्लंडकडे निघे. चौदाव्या शतकाच्या आरंभी एखाद्या चांगल्या वर्षी एक लाख 'तोनो' वाइन बाहेर जाई. एक तोनो म्हणजे सुमारे नऊशे लिटर. जहाजात अशी किती पिंपं मावतात यावरून जहाजाचा आकार सांगायची पद्धत पडली. आजही आपण जहाजाचं 'टनेज' म्हणतो, ते या पिंपांतूनच आलं आहे.

ही वाइन फिकट लाल असे. फ्रेंच लोक तिला 'क्लेरे' म्हणत, त्याचं इंग्रजांनी 'क्लॅरेट' केलं. आणि ती वर्षाच्या आत संपवायची असे. नवी जहाजं लंडनला लागली की गेल्या वर्षीच्या उरलेल्या मालाचा भाव कोसळे. आजच्या अगदी उलट! कारण साधं होतं. लाकडी पिंपातून जसजशी वाइन काढावी तसतशी आत हवा शिरते, आणि हवा लागलेली वाइन आंबत आंबत शेवटी व्हिनेगर होते. त्या काळातल्या माणसाला 'जुनी वाइन' म्हटलं की तोंड वाकडं करावंसं वाटत असणार.

रोमन लोकांना याहून बरं जमत होतं, हेही सांगायला हवं. ते मातीच्या निमुळत्या कुंभांत वाइन भरून तोंड घट्ट लिंपून टाकत. इ.स.पूर्व १२१ या सालच्या वाइनची कीर्ती त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. पण साम्राज्याच्या उत्तरकाळात कुंभांची जागा लाकडी पिंपांनी घेतली. पिंप गडगडत नेता येतं, आपटलं तरी फुटत नाही, व्यापाऱ्याला सोयीचं. त्या सोयीपायी साठवणीची विद्या हजारेक वर्षं हरवली.

ती परत आली ती गंधक, काच आणि बूच या तीन क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंमुळे. गंधकाची युक्ती डच व्यापाऱ्यांनी रूढ केली. रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळायची आणि मग वाइन भरायची, म्हणजे ती लवकर बिघडत नाही. काचेची गोष्ट जास्त मजेदार आहे. १६१५ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानं काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला मनाई केली. आरमाराला जहाजं बांधायला ओकची झाडं हवी होती, ती भट्ट्यांत जळून चालणार नव्हती. मग भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची आच जास्त, त्यामुळे काच जाड, काळपट आणि मजबूत निघू लागली. अशा काचेच्या बाटल्या करण्याचं श्रेय केनेल्म डिग्बी नावाच्या गृहस्थाला देतात. दर्यावर्दी, दरबारी आणि हौशी रसायनशास्त्रज्ञ असा हा बहुरंगी माणूस होता. राजानं लढाऊ जहाजांसाठी काढलेल्या हुकमाचा फायदा असा वाइन पिणाऱ्यांना झाला.

बूच म्हणजे ओकच्याच जातीतल्या एका झाडाची साल. ती मुख्यतः पोर्तुगालमध्ये निघते. झाड पंचवीसेक वर्षांचं झाल्याखेरीज तिला हात लावत नाहीत, आणि पुढं दर नऊ वर्षांनी ती पुन्हा काढतात. त्यातही पहिल्या दोन खेपांची साल वाइनच्या बुचाच्या कामाची नसते. हिशेब करून पाहा: ज्यानं झाड लावलं तो पहिलं चांगलं बूच बघेल तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतील. आजोबांनी लावलेल्या आंब्याची फळं नातवानं खावीत, तसलाच हा प्रकार.

एवढं असूनही काम झालं नव्हतं, कारण सुरुवातीच्या बाटल्या कांद्यासारख्या बसक्या होत्या. त्या आडव्या रचता येत नसत. आणि उभ्या बाटलीचं बूच वाळतं, आकसतं, फटीतून हवा आत जाते. अठराव्या शतकात बाटली हळूहळू उंच आणि सरळ अंगाची झाली. मग ती आडवी झोपवता आली, वाइन बुचाला भिडून राहिली आणि बूच ओलं, फुगलेलं राहिलं. बाटली आडवी करणं या गोष्टीचा कोणी एक जनक नाही, तिची तारीख नाही. बूच काढायच्या स्क्रूचं पहिलं पेटंट मात्र १७९५ मध्ये सॅम्युअल हेन्शल नावाच्या इंग्रज पाद्र्यानं घेतलं, ते सगळे आवर्जून सांगतात. माझ्या मते या सबंध इतिहासातली सर्वात मोठी घटना ती बेनामी आडवी बाटली हीच.

याच सुमाराला आणखी एक नवी गोष्ट घडली: वाइनला नाव मिळालं. तोपर्यंत बोर्दोची वाइन म्हणजे बोर्दोची वाइन. कोणाच्या मळ्यातली, हे कोणी विचारत नसे. १० एप्रिल १६६३ या दिवशी लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स एका मद्यालयात गेला आणि तिथं प्यालेल्या एका फ्रेंच वाइनबद्दल त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं. नावाचं स्पेलिंग त्यानं पार चुकवलं, पण ती वाइन 'ओ-ब्रियाँ' या मळ्याची होती हे ओळखू येतं. चव चांगली आणि कधी न अनुभवलेली अशी वेगळीच होती, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यानं स्वतःचं चिन्ह उमटवलेल्या नव्या बाटल्या भरताना पाहिल्याची नोंद आहे. काच आणि नाव या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या रोजनिशीत सहा-सात महिन्यांच्या अंतरानं याव्यात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ओ-ब्रियाँचा मालक आर्नो द पोंताक हा बोर्दोच्या न्यायमंडळाचा अध्यक्ष होता आणि धंद्यातही तरबेज होता. १६६६ च्या लंडनच्या मोठ्या आगीनंतर त्याच्या मुलानं तिथं झकपक खाणावळ काढली आणि आपल्या मळ्याची वाइन चढ्या भावानं खपवली. पुढं १६७७ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक मुद्दाम तो मळा पाहायला गेला. जमीन म्हणजे वाळू आणि गोटे, एरवी काही उगवणार नाही अशी. मधे फक्त एक चर, आणि पलीकडच्या शेतातली वाइन मात्र या तोलाची नाही असं त्याला व्यापाऱ्यांनी सांगितलं. लॉकला त्याचं नवल वाटलं.

मी ती जमीन पाहिली आहे. बोर्दोच्या उत्तरेला मेदोक नावाचा प्रदेश आहे, तिथल्या एका मळ्यावर काही वर्षांपूर्वी जायचा योग आला. वेलींच्या मुळाशी नदीनं आणून टाकलेले गुळगुळीत गोटे होते. पावसाचं पाणी थांबत नाही, त्यामुळे मुळं खोल जातात. आणि तळघर? पाणी जमिनीखाली लगेच लागतं म्हणून तिथली कित्येक 'तळघरं' जमिनीवरच आहेत: जाड भिंतींच्या, खिडक्या नसलेल्या लांबलचक वखारी. आत बारमाही गारवा, ओल आणि आंबूस वास.

यजमानांनी आधी पिंपातली, काही महिन्यांची वाइन काढून दिली. रंग दौतीतल्या जांभळ्या शाईसारखा. घोट तोंडात फिरवून कोपऱ्यातल्या भांड्यात थुंकायचा असतो. चाखणं आणि पिणं यांत तिथं फरक करतात. त्या घोटानं जीभ आणि हिरड्या अशा आवळल्या गेल्या की कच्चं केळं किंवा उकळून कडक झालेला कोरा चहा आठवावा. हा तुरटपणा म्हणजे टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून ते येतं. मग त्यांनी त्याच मळ्याची, पंचवीस वर्षांपूर्वीची बाटली उघडली. ती आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती, कारण तळाशी गाळ असतो. मानेखाली मेणबत्ती धरून एका संथ धारेनं त्यांनी वाइन दुसऱ्या काचपात्रात ओतली, आणि गाळाची पहिली काळी रेघ मानेपाशी येताच हात थांबवला. हा रंग शाईचा नव्हता; पेला पांढऱ्या कापडावर तिरका धरला तर कडेला विटेची छटा दिसत होती. नाकाला आला तो वास द्राक्षाचा नव्हेच. लहानपणी पेन्सिलला टोक काढताना यायचा तो, त्यात थोडी तंबाखू, थोडी ओली माती. जिभेवर तुरटपणा होता, पण गोट्यासारखा घासून गुळगुळीत झालेला. वजनाला ती तरुण वाइनपेक्षा हलकीच वाटली. पण गिळल्यावरही चव बराच वेळ तोंडात रेंगाळत राहिली, आवळ्यानंतर पाणी गोड लागतं तशी मागाहून येणारी.

या पंचवीस वर्षांत आत काय होतं? लाल रंगाचे कण आणि टॅनिन एकमेकांना धरत मोठे होतात, जड होतात आणि तळाशी बसतात. तो गाळ म्हणजे एका अर्थी तरुणपणीचा तुरटपणाच. लुई पाश्चरनं सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून वाइनवर संशोधन केलं आणि १८६६ मध्ये ग्रंथ छापला. त्यानं काचेच्या काही नळ्या काठोकाठ भरून बंद केल्या आणि काहींत हवा राहू दिली. हवा असलेल्या नळ्यांतली वाइन लवकर म्हातारी झाली, भरलेल्यांतली तशीच राहिली. म्हणजे जी हवा वाइनला मारते तीच, अगदी थोडी आणि अगदी सावकाश मिळाली तर, तिला पिकवते. चांगलं बूच करतं ते एवढंच. पण बूच म्हणजे झाडाची साल. तिच्यात कधी बुरशीमुळे एक रसायन तयार होतं आणि वीस वर्षं जपलेल्या वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मारतो. त्याला इलाज नाही, आणि ते आधी कळायलाही मार्ग नाही.

हा मुरण्याचा काळ कमी करता आला तर? या प्रश्नाचं एक उत्तर हिंदुस्थानच्या वाटेवर सापडलं. कंपनी सरकारच्या काळापासून इथले इंग्रज क्लॅरेटला 'लाल शराब' म्हणत. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तो शब्द आहे. मेदोकमधल्या सँ-एस्तेफ गावचा लुई-गास्पार देस्तुर्नेल हा मळेवाला आपला माल पार हिंदुस्थानपर्यंत विके. त्या मळ्याची परंपरा असं सांगते की इथं न खपलेली काही पिंपं एकदा जहाजातून परत आली. देस्तुर्नेलनं चाखून पाहिलं तर वाइन सुधारलेली! महिनोन्‌महिने समुद्राचं हेलकावणं आणि विषुववृत्तावरची उष्णता यांनी ती घाईनं जुनी केली होती. मग 'हिंदुस्थानहून परत आलेली' अशी जाहिरात करून तो ती विकू लागला. पौर्वात्य थाटाचे, छपरावर पॅगोड्याचे मनोरे असलेले त्याचे वाइनचे कोठार आजही रस्त्यावरून दिसतं, आणि त्याचं दार झांझिबारचं आहे. लोक त्याला 'सँ-एस्तेफचा महाराजा' म्हणत. महाराजांना हा खर्च झेपला नाही. १८५२ मध्ये मळा लंडनच्या सावकाराला विकावा लागला आणि दुसऱ्याच वर्षी, नव्वदी ओलांडलेला देस्तुर्नेल वारला.

आपण अढीत पिकलेला आंबा आणि कार्बाइड टाकून पिकवलेला आंबा यांत फरक करतो. उष्णतेनं जुनी झालेली वाइन मला या दुसऱ्या प्रकारातली वाटते. रंग येतो, पण वासाचं काय? तरी गिऱ्हाइकं ती आवडीनं घेत. आणि समजा एखादी बाटली बोर्दोच्या बाहेर कधी गेलीच नसती, तर ते कोणाला कळणार होतं?

ही शंका काल्पनिक नव्हती. त्या काळी मळेवाले वाइन पिंपांनी विकत आणि बोर्दोचे व्यापारी ती आपल्या वखारीत मुरवून बाटल्यांत भरत. इंग्रजांना जरा दणकट चव लागते म्हणून त्यात ऱ्होन नदीकाठची किंवा स्पेनची कडक वाइन मिसळणं हा लपवाछपवीचा नव्हे, राजरोस चाललेला उद्योग होता. १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मळ्यांची प्रसिद्ध पाच श्रेणींची यादी केली. पहिल्या श्रेणीत चार नावं: लाफीत, मार्गो, ओ-ब्रियाँ आणि लातूर. (आपल्या लातूरशी संबंध नाही, उच्चार मात्र तोच.) ही यादी चाखून केलेली नव्हती. कुठल्या मळ्याला वर्षानुवर्षं काय भाव मिळतो, याच्या वह्या दलालांपाशी होत्या, त्यांवरून ती झाली. दीडशेहून अधिक वर्षांत तिच्यात मोठा बदल एकच झाला: १९७३ मध्ये मूटॉन रॉथशिल्डला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत घेतलं. त्या कागदावर सही करणारे शेतीमंत्री झाक शिराक पुढं फ्रान्सचे अध्यक्ष झाले.

मूटॉनला हा मान मिळवून देणारे बॅरन फिलिप द रॉथशिल्ड १९२२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी कारभार पाहू लागले. १९२४ मध्ये त्यांनी ठरवलं की आपली सगळी वाइन आपल्याच मळ्यावर बाटलीत भरली जाईल. पहिल्या श्रेणीच्या मालकांनाही त्यांनी तयार केलं. व्यापाऱ्यांना हे रुचलं नाही, पण बाटलीतल्या मालाची जबाबदारी आता लेबलवर छापलेल्या नावावर आली. ते लेबलही त्यांनी सजवलं. १९४५ नंतर दर वर्षी वेगळा कलावंत ते करतो. २००९ च्या वाइनचं लेबल मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांनी केलं आहे.

म्हणजे प्रश्न सुटला? उलट, जुन्या बाटल्यांना लिलावात सोन्याचा भाव येऊ लागला आणि आता फसवणाऱ्याला वाइनपेक्षा बाटलीची नक्कल करणं फायद्याचं झालं.

५ डिसेंबर १९८५. लंडनच्या ख्रिस्टीज या लिलावगृहात गर्द काचेची एक बाटली मांडली गेली. तिच्यावर कागदी लेबल नव्हतं. काचेत कोरलं होतं '१७८७', 'लाफीत' आणि 'टीएच. जे.' ही आद्याक्षरं. टीएच. जे. म्हणजे थॉमस जेफरसन, अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष! गोष्ट बसत होती. फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत असताना जेफरसन मे १७८७ मध्ये खरोखरच बोर्दोला गेले होते. व्यापाऱ्यांवर विसंबायचं नाही, थेट मळेवाल्याकडून बाटल्या मागवायच्या, हा त्यांचा शिरस्ता होता. हार्डी रोडेनस्टॉक या जर्मन संग्राहकाचं म्हणणं, पॅरिसमधल्या एका जुन्या घराच्या बुजवलेल्या तळघरात अशा बाटल्या सापडल्या. कुठलं घर? ते तो कधीच सांगायला तयार झाला नाही. अमेरिकेतल्या फोर्ब्स कुटुंबातल्या क्रिस्टोफर फोर्ब्स यांनी ती बाटली १ लाख ५ हजार पौंडांना घेतली.

जेफरसन यांच्या माँटिसेलो इथल्या घरी त्यांची कागदपत्रं अभ्यासणाऱ्या संशोधिकेनं त्याच सुमाराला शंका काढली होती. जेफरसन म्हणजे टाचणीचासुद्धा हिशेब ठेवणारा माणूस. त्यांच्या वह्यांत त्या सालच्या लाफीतचा उल्लेख नव्हता. शिवाय ते आद्याक्षरांत टिंब नाही, विसर्गासारखी दोन टिंबं देत. पण लिलावाच्या धुंदीत दोन टिंबांकडे कोण बघतो?

त्याच संग्रहातून आलेल्या चार बाटल्या बिल कोक या धनाढ्य अमेरिकनानं १९८८ मध्ये घेतल्या, जवळजवळ पाच लाख डॉलरना. २००५ मध्ये बोस्टनच्या एका संग्रहालयानं त्यांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवताना या बाटल्यांची पूर्वपीठिका विचारली. ती मिळेना, तेव्हा कोकनी निवृत्त गुप्तहेर कामाला लावले. पुढची तपासणी मला सगळ्यात विलक्षण वाटते. एक बाटली फ्रान्स-इटली सीमेवरच्या आल्प्स पर्वताच्या पोटातल्या प्रयोगशाळेत नेली. अणुबाँबचे स्फोट सुरू झाल्यापासून हवेत सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य मिसळलं आहे, ते द्राक्षांतही उतरतं, आणि त्याचे किरण बाटली न उघडता बाहेरून मोजता येतात. दोनशे वर्षांत प्रथमच बंद बाटलीला प्रश्न विचारायची सोय झाली होती. सीझियम सापडलं नाही. म्हणजे वाइन १९४५ च्या आधीची. १७८७ ची की १९३० ची, हे काही त्यातून कळेना. उलगडा झाला तो काचेवर. कोरीवकामाच्या जाणकारांनी अक्षरं भिंगाखाली पाहून सांगितलं की ती विजेवर चालणाऱ्या हत्यारानं कोरलेली आहेत. जेफरसन यांच्या काळात ती वीज कुठून आणणार? कोकनी २००६ मध्ये खटला भरला. रोडेनस्टॉकनं आरोप अखेरपर्यंत नाकारले, अमेरिकन न्यायालयाचा अधिकारही मानला नाही. २०१८ मध्ये तो वारला.

पुढं रूडी कुर्नियावान नावाच्या तरुणानं तर लॉस एंजेलिसजवळ घरच्या स्वयंपाकघरातच जुन्या वाइनचा कारखाना थाटला. लेबलं, लाख, बुचं, आणि कशात काय मिसळलं की कुठल्या सालची चव येते याच्या पाककृती पोलिसांना २०१२ मध्ये तिथं सापडल्या. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या पार्ट्यांत नावाजलेले जाणकार त्या वाइनची तोंड भरून स्तुती करत होते. मी त्यांना हसत नाही. साठ वर्षांपूर्वीच्या वाइनची खरी चव कशी, हे ठरवायला दुसरी खरी बाटली उघडावी लागते, आणि अशा बाटल्या दर वर्षी कमीच होत जातात.

जेफरसनच्या म्हणून विकल्या गेलेल्या बाटल्यांचं आयुष्यही सुखाचं गेलं नाही. १७८७ सालची मार्गो म्हणून पाच लाख डॉलरहून अधिक किंमत लावलेली एक बाटली तिचा विक्रेता १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटात मेजवानीला मिरवायला घेऊन गेला. कशाला तरी धक्का लागून तिला भोकं पडली आणि वाइन गालिच्यावर सांडली. विम्याचे सव्वादोन लाख डॉलर मिळाले. आणि फोर्ब्स यांनी घेतलेली बाटली न्यूयॉर्कला त्यांच्या दालनात काचेच्या पेटीत, दिव्यांच्या झोतात उभी करून ठेवली होती. दिव्यांच्या उष्णतेनं बूच वाळलं, आकसलं आणि एके दिवशी आत वाइनमध्ये पडलं.

आपल्याकडेही परदेशातून कोणी अशी बाटली आणली की ती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभी राहते, ट्यूबलाइटखाली, एखाद्या करंडकाच्या शेजारी. चार पाहुण्यांना दाखवली जाते आणि 'ही जितकी जुनी होईल तितकी चांगली' हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकू येतं. मेदोकच्या वखारीत वर्षभर बारा-तेरा अंश तापमान असतं. मुंबई-पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बंद घरातलं किती असतं ते सांगायला नको. त्यातून जगातली बहुतेक वाइन मुरवण्यासाठी केलेलीच नसते. दोन-चार वर्षांत प्यायची असते, आणि दुकानात येईपर्यंत त्यातली एक-दोन सरलेली असतात. तेव्हा अशी बाटली घरी असेल तर ती शोकेसमधून काढून घरातल्या सगळ्यात गार आणि अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवावी. आणि घेणारी चार माणसं जमली की पुढचा उन्हाळा लागायच्या आत उघडावी.